डावा झाक, उजव्यानं बघ

मळेवाडी, फलटण
१२ एप्रिल १९४४

नाथाजीभाऊ,

मी अख्तरबी, रसूल शिंप्याची बायको. आजवर तुमच्या घरची पत्रं शाळेचे मास्तर लिहायचे. ते 'इकडं सगळं ठीक' एवढं लिहून बाकीचं पोटात ठेवायचे. अंजनावैनी म्हणाल्या, आता तू लिव. मी सांगलीत मराठी सहावी केलीय. पर माझी एक खोड हाय. कानावर पडंल ते मी लिहिते. मधेच कोण बोललं तर तेबी लिहिते. पटलं न्हाई तर कळवा.

जो कुणी साहेब तिकडं पाकीट फोडून वाचतो, त्यालाबी सलाम. ह्यात लढाईचं काय न्हाई. एका पोरीचं हाय.

वैनी उंबऱ्यावर बसल्यात, माझ्याकडं पाठ करून. नवऱ्याला सांगायचं ते दुसरीच्या तोंडाकडं बघून सांगवत न्हाई म्हणतात. तुमच्या आई, मनुबाई, शेंगा फोडत बसल्यात.

वैनी सांगतात: गाय व्याली, कालवड झाली. ऊस बरा हाय.

"बरा कशाचा? उंदरांनी निम्मा कुरतडलाय," मनुबाई.

"आत्याबाई, ते नगं. ते तिकडं लढाईत हायेत."

"मग काय झालं? लढाईतल्या माणसाला उंदीर काय नवं हायेत व्हय?"

लिहिलं.

वैनींनी उंबऱ्यावरचं टरफल उचलून बाहेर टाकलं. मग म्हणाल्या, "शालूचं लिव."

भाऊ, शालूचा डावा डोळा आला होता. लालभडक. मनुबाईंनी दुधात कापूस भिजवून त्यावर ठेवला आन् वर फडकं बांधलं. भर दुपार. पोरगी उठली, दोन पावलं टाकली आन् गव्हाणीवर जाऊन आदळली. म्हणाली, "आये, दिवा का मालवला?"

दुपारचे बारा वाजले होते, भाऊ.

मनुबाई हसल्या. म्हणाल्या, "सोंग करतीया! बापावर गेलीया." वैनींनी तिच्यापुढं हात धरला, "किती बोटं हायेत?" शालू म्हणाली, "कुठं?"

वैनी म्हणतात, तिनं तीन म्हणलं असतं, पाच म्हणलं असतं, तर चाललं असतं. "कुठं?" म्हणाली तवा मी तिला मांडीवर ओढली.

मग फडकं सोडून उजवा डोळा झाकला. आलेल्या डोळ्यानं पाणी गाळत गाळत पोरीनं समदी बोटं मोजली. वर आढ्यावरची पालबी दाखवली.

आता पुढचं वैनी सांगत न्हाईत, पर मी त्या दिवशी अंगणात होते म्हणून मीच लिहिते. तुमी दिवाळीच्या रजेला आला होता. बाभळीची बंदूक तासून दिली पोरीला. बांधावर भोपळा ठेवला. "डावा झाक, उजव्यानं बघ, नेम धर." तिनं उजवा झाकला. तुमी पुन्यांदा सांगितलं, तिनं पुन्यांदा उजवाच झाकला. तिसऱ्यांदाबी तसंच. चौथ्यांदा तुमी थोबाडीत दिली. म्हणालात, "पलटणीत दोनशे रंगरूट शिकवले मी, आन् ही वीतभर कार्टी ऐकत न्हाई!" ती जाऊन बाजरीच्या सरमाडाच्या गंजीत बसली. तुमची मोटार गेली तरी बाहेर आली न्हाई. तुमी म्हणाला हट्टी. आमीबी म्हणालो हट्टी.

तिला उजव्यानं भोपळाच दिसत नव्हता, भाऊ.

काल मी तिला विचारलं, "अगं, सांगायचं न्हाईस व्हय?" तर म्हणाली, "मला वाटलं समद्यांचा एक डोळा बघायचा असतो, आन् एक नुस्ता असतो."

वैनी म्हणतात, हे शेवटचं खोडून टाक, त्यांच्या जिवाला लागंल. शाई हाय, खोडलं तर दिसंल. राहू दे.

मंगळवारी आमी तिघी सांगलीला निघालो. माझं माहेर हाय तिथं, आन् तिथं एक डोळ्यांचे डॉक्टर हायेत.

अख्तरबी



खणभाग, सांगली
२० एप्रिल १९४४

भाऊ,

लोणंदपर्यंत मोटार, तिथनं मिरजेपर्यंत आगगाडी, मिरजेहून सांगलीची धाकटी गाडी. वैनी पयल्यांदा गाडीत बसल्या. कराड येईपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. शालू म्हणाली, "आये, माझा एक हाय तर मी उघडा ठेवलाय, तुझे दोन असून तू झाकतीस!" डबा हसला. वैनीबी हसल्या. ह्या पंधरा दिवसांत पयल्यांदा.

डॉक्टर म्हातारे हायेत. धोतर, वर काळा कोट, खिशात बडीशेप. रंगीत साखरेची, बारीक. मला वाटलं पोरांना खूश करायला ठेवत्यात. तर त्यांनी काळ्या ताटात बारा दाणे टाकले, शालूचा उजवा डोळा झाकला आन् म्हणाले, "उचल." चिमणीगत उचलले तिनं, बाराच्या बारा. पुन्हा टाकले. आता डावा झाकला. पोरगी ताटावर नुसता हात फिरवत बसली. एक हाताला लागला तो उचलला, आन् म्हणाली, "एकच टाकलाय."

डॉक्टर हसले न्हाईत. दिवा धरून, भिंगं लावून लय वेळ बघितलं. मग वैनींना म्हणाले, "बाई, डोळा चांगला आहे."

वैनी म्हणाल्या, "चांगला हाय तर दिसत का न्हाई?"

"जन्मापासून त्या डोळ्याला मोठा नंबर आहे. त्यानं दिसायचं ते अंधुक. डाव्यानं दिसायचं स्वच्छ. मग डोक्यानं ठरवलं, सगळं काम डाव्याला द्यायचं. उजवा नुसता बसून राहिला. आळशी झाला."

"थेंब?"

"थेंब नाहीत, मलम नाही. चष्मा लावायचा, आणि चांगला डोळा रोज पाच-सहा तास झाकून ठेवायचा. पट्टी डाव्यावर, नीट ऐका, डाव्यावर. म्हणजे आळशाला उठावंच लागेल. सुरुवातीला ती रडेल, धडपडेल. तुम्ही विरघळायचं नाही."

"कुठवर?"

"जितकं लवकर तितकं चांगलं. सात वर्षांची व्हायच्या आत. पुढं डोळा शिकायचा कंटाळा करतो. कितवं चालू आहे हिला?"

वैनी माझ्याकडं बघायला लागल्या. आपल्यात कोण तारीख लिहून ठेवतं? वैनी म्हणाल्या, "गावच्या जत्रंत झाली, दारू उडत होती तवा. पाच पुरी झाली असतील. का साडेपाच?"

डॉक्टरांनी शालूचं तोंड उघडून बघितलं. "दात सगळे दुधाचे आहेत. वेळ आहे. पण फार नाही."

हे ऐकल्यापासून वैनी दिवसातनं दहा वेळा पोरीचे दात हलवून बघतात. मी सांगितलं, हलवून हलवून तुमीच पाडाल.

चष्मा आठ दिवसांनी मिळंल, तोवर आमी इथंच.

अख्तरबी



मळेवाडी
५ जून १९४४

भाऊ,

चष्मा आला. गोल काचा, तारंची दांडी. पोरं तिला मामलेदार म्हणतात. ती खरंच मामलेदारागत त्यांच्याकडून चिंचा वसूल करते.

पट्टी आमच्या ह्यांनी शिवली. चोळीच्या खणाचा हिरवा तुकडा, आत मऊ धोतराचं कापड, मागं नाडी. पयली पट्टी शालूनं पिठाच्या डब्यात लपवली. दुसरी कालवडीला खायला घातली. तिसरी शिवताना हे म्हणाले, "पलटणीचे सदरे शिवले तवा एवढं कापड लागलं न्हाई."

पयले आठ दिवस लय वाईट गेले. डाव्यावर पट्टी बांधली की पोरगी जागची हलायची न्हाई. हात पुढं करून रडायची, "आये, उजेड दे की गं." वैनी चुलीकडं तोंड करून भाकरी थापायच्या. एका भाकरीचे चार तुकडे व्हायचे.

आता मातूर गुणी झालीय. वैनी उसात गेल्या की पट्टी बांधून गप खेळत बसते. रडत न्हाई, आदळत न्हाई. वैनी सांगतात, लिव, गुण येतोय.

मनुबाईंचं म्हणणं असं: "पायाला लागलं तर पट्टी हाताला बांधतंय व्हय कोण? दुखरा एक आन् शिक्षा दुसऱ्याला. चांगल्या डोळ्यानं काय चोरी केलीया?" पर हे त्या आता हळू म्हणतात. आज तर लय गोड बोलतायत, मला गूळ-शेंगाबी दिल्या. मला संशय येतोय. संशय लिहायचा नसतो. लिहिला.

अख्तरबी



मळेवाडी
२ ऑगस्ट १९४४

भाऊ,

आज मनुबाई स्वतः सांगतात. वैनी आत हायेत, दार लावून. मी फक्त हात चालवते.

"नाथा, तुझी आई चुकली. लिव गं, भितीस काय?

"परवा ह्या पोरी सांगलीला जाऊन आल्या. त्या डॉक्टरनं पुन्यांदा बडीशेप टाकली. बारातला एक दाणा. जसाच्या तसा. डॉक्टर अंजनीला म्हणला, बाई, तीन महिने पट्टी बांधली म्हणता आणि डोळा जागचा हलला नाही, हे होत नाही. अंजनी शपथा घ्यायला लागली. तवा तुझी लेक म्हणाली, 'आये, तू शेतात गेलीस की आजी पट्टी ह्या डोळ्यावर घालती आन् तू यायच्या आत त्या डोळ्यावर. गुपित हाय ते. मला गूळ मिळतो.'

"व्हय. मीच फिरवली. रोज. पोरगी हात पुढं करून उजेड मागायची रं. मला ऐकवंना. मी म्हणलं, झाकायचाय तर आजारी डोळा झाकावा, इसावा मिळंल त्याला, बरा होईल. जनावराचा पाय मुरगळला तर आपण औताला जुंपतो व्हय? असं वाटलं मला. तीन महिने मी आळशाला गादीवर निजवलं.

"अंजनी ओरडली न्हाई. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, 'आत्याबाई, तीन महिने गेलं.' आन् पोरीचं दात बघायला लागली.

"आता ती काम सोडून घरात बसलीया, पोरीच्या राखणीला. माझ्या राखणीला म्हण. उसाला पाणी कोण देणार? तूच सांग काय करू. तू मारलंस एकदा, मी मारलं तीन महिने. माझं मोठं."

एवढंच, भाऊ. त्यांनी माझ्या हातातनं टाक घेऊन शेवटी अंगठा उठवलाय. गरज नव्हती, पर म्हणाल्या, कबुली हाय, अंगठा पायजे.

अख्तरबी



(कुठं ते लिहायची परवानगी न्हाई)
१० सप्टेंबर १९४४

अख्तरवैनी, हे मोठ्यानं वाचा. शालूचं शेवटी वाचा, तिला मांडीवर घेऊन.

आई, रडू नको. तुला पलटणीतली गोष्ट सांगतो. आमच्यात एक जवान हाय, लय आळशी. पोटात दुखतंय म्हणून रोज परेडला दांडी. मी त्याची कीव केली, आराम दिला. तर आठ दिवसांत त्याला उठून चालवंना! सुभेदार म्हणाले, नाईक, ह्याला फटीक लावा. फटीक म्हणजे आमच्यात मेहनतीचं काम, पाणी भर, दगड उचल. आन् त्याच्या जोडीचा चांगला जवान, जो ह्याचंबी काम करत होता, त्याला रजेवर धाडा. चांगला समोर हाय तोवर हा उठणार न्हाई. तसंच केलं. आता तो माझ्या पुढं चालतो.

तवा आई, डाव्याला रजा, उजव्याला फटीक. हा हुकूम हाय. आन् तो तूच चालवायचा. अंजनाला उसात जाऊ दे. अंजना, आईवर सोड. तीन महिने तिनं गुपित राखलं, आता तेवढ्याच नेटानं पट्टी राखंल.

आन् मी नेम शिकवायच्या आधी डोळा तपासायला पायजे होता. रंगरूटाचा तपासतो, लेकीचा न्हाई तपासला.

शालू, तुझा आबा बोलतोय. तुझ्या डोळ्याचं पत्र वाचलं त्याच दिवशी चांदमारीला गेलो. उजव्या डोळ्यावर रुमाल बांधला आन् डाव्यानं नेम धरला, तू धरायचीस तसा. दहा गोळ्या. एकबी लागली न्हाई. दहावी कुठं गेली ते अजून कुणाला ठाव न्हाई. सुभेदार म्हणाले, नाईक, तू दुश्मनाकडनं हायेस का आपल्याकडनं? तू मातूर त्याच डोळ्यानं नीट नेम धरत होतीस. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. बंदूक मोडून टाकलीस का ठेवलीस, एवढं कळव.

नाथाजी



मळेवाडी
१५ डिसेंबर १९४४

भाऊ,

तुमचं पत्र मी सातदा वाचलं. सातदा कारण मनुबाई दर आठवड्याला म्हणतात, "तो फटकेचा कागद वाच गं." फटीक म्हणता येत न्हाई त्यांना. फटके म्हणतात.

बंदुकीचं शालूला विचारलं. म्हणाली, "सांगणार न्हाई." एवढंच. पर शेवटचं वाचत होते तवा तिनं माझ्या हातातला कागद ओढून घेतला आन् परकरात खोचून पळाली. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला. वास घेऊन बघितला म्हणे.

आता ऐका मनुबाईंचा कारभार. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी त्या आमच्या दुकानात आल्या. आमच्या ह्यांना म्हणाल्या, "रसूल, माझ्या मापाची एक शिव."

"काय, चोळी?"

"पट्टी."

"तुमचे डोळे चांगले हायेत की, आजी."

"म्हणूनच. दोन उघड्या डोळ्यांच्या म्हातारीनं एक झाकलेल्या पोरीला फटके लावायचे, हे पटंल व्हय तिला?"

तवापासून तुमच्या घरात दोन पट्ट्या हायेत, एकाच खणाच्या. सकाळी न्याहारी झाली की बांधायच्या, दुपारच्या भाकरीला सोडायच्या. मग पुन्हा. मनुबाईंनी पयल्या दिवशी चहात मीठ टाकलं, दुसऱ्या दिवशी खांबाला "सरक की गं अंजने" म्हणून ढकललं, तिसऱ्या दिवशी दारात उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितलं की जग निम्मं झालंय, आन् जे गेलंय ते निम्मं वाईटच होतं. शालू हसून हसून लोळली. हसताना पट्टी काढायचं विसरली.

फटके असे: सुपातल्या जोंधळ्यातले खडे वेचायचे. काळे आन् पांढरे तीळ निवडून दोन ढीग करायचे. (मनुबाईच रात्री ते पुन्हा एकत्र करतात.) शेवंतीची माळ ओवायची. आन् रोज चार वाजता आमच्या दुकानात येऊन ह्यांच्या सुया ओवून द्यायच्या. पयला महिना सुईतनं एकबी दोरा गेला न्हाई. दोऱ्याचं टोक थुंकी लावून लावून लोळागोळा व्हायचं. हे गिऱ्हाइकाला सांगायचे, "थांबा, कारागीर कामात हाय."

आन् गेल्या आठवड्यात दात पडला.

खालचा, पुढचा. पेरू खाताना. शालू नाचत आली, "आजे, बघ!" मनुबाईंनी आपली पट्टी वर सारली. म्हणाल्या, "संपलं." दात हातात घेऊन पोरीच्या तोंडात परत बसवायला लागल्या, खरं सांगते! वैनी उसातनं पळत आल्या, पायाला चिखल तसाच. त्यांनी दात बघितला आन् पांढऱ्या पडल्या. सासू-सुना एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तवा पट्टीवरनं एकमेकींवर ओरडल्याबी न्हाईत त्या दोघी, आता मिळून रडत होत्या. मी डॉक्टरांना जोडकार्ड टाकलं. उत्तर आलं, एकच ओळ:

"दात पडला तर पडू द्या, पट्टी पडू देऊ नका."

वैनींनी ते कार्ड देवाजवळ ठेवलंय. कुंकू लावलंय. डॉक्टरांची सही त्यात बुडाली.

अख्तरबी



खणभाग, सांगली
८ मार्च १९४५

भाऊ, घाईत लिहिते, गाडीची वेळ झालीय.

ह्या खेपेला मनुबाईबी आल्या, पट्टी बांधून. डॉक्टर आधी त्यांनाच तपासायला लागले. त्या म्हणाल्या, "माझं न्हाई हो, मी फटक्याची नाईक हाय."

काळं ताट. बारा दाणे. डावा झाकला. शालूनं मान वाकडी केली, नाक ताटाजवळ नेलं आन् उचलायला लागली. सावकाश. एक, दोन. पाचव्याला वैनींनी माझा हात धरला. नवव्याला मनुबाई मोठ्यानं मोजायला लागल्या. अकरा झाले. ताट रिकामं.

डॉक्टर म्हणाले, "एक राहिला."

मनुबाई म्हणाल्या, "राहू द्या की हो सायेब, अकरा काय कमी हायेत?"

शालूनं तोंड उघडलं. बारावा जिभेवर होता.

डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर पट्टी लागेल, तास कमी करत जायचे. डाव्याइतकं दिसेलच असं मी सांगत नाही. पण हा डोळा आता बसून खाणार नाही. मग ते चष्मा पुसत बसले, लय वेळ, स्वतःचा.

बाहेर आल्यावर वैनी म्हणाल्या, "लिव त्यास्नी." मी म्हणलं, काय लिहू? तर पयल्यांदा माझ्याकडं तोंड करून, डोळ्यात बघून म्हणाल्या, "लिव, या म्हणावं लवकर."

अख्तरबी



मळेवाडी
१३ जानेवारी १९४६

आबा,

मी शालू. हे मीच लिवतीया. अख्तरमावशी शेजारी बसलीया पर तिला बोलायचं न्हाई असं सांगितलंय. ती चुका दाखवायला बघती. मी कागद झाकते.

मी पयलीत हाय. माझा नंबर दुसरा. पयला नंबर नानासोचा, तो मास्तरांचा भाचा हाय.

आता पट्टी फक्त दोन तास. आता बांधलीया. डाव्यावर. हे समदं पत्र मी उजव्यानं लिवतीया. म्हणून अक्षर मोठं हाय. मावशीच्या नवऱ्याच्या सुया मी ओवते, पांढरा दोरा लवकर जातो, काळा उशिरा.

आजी अजून पट्टी बांधती. तिला सांगितलं नगं आता. ती म्हणली, सवय झाली. काल ती कालवडीला शालू म्हणली. कालवड आता मोठी झालीया.

माझे चार दात पडले. दोन आले.

बंदूक मी मोडली न्हाई. तवा सरमाडात लपवली, मग पावसाळ्यात माळ्यावर. आईला ठाव न्हाई. आता मावशीला कळलं. ती सांगणार न्हाई, तिनं शप्पत घेतलीया. पर तिची खोड तुमास्नी ठाव हाय.

तुमचं पत्र आलं, लढाई संपली, पुढच्या महिन्यात कायमचं घरी. आई त्या दिवशी दोनदा सारवण करत होती. एकदाच करायचं असतं.

आता माझं ऐका. मोटार फाट्यावर थांबती. लय माणसं उतरत्यात, समद्यांच्या डोक्यावर ट्रंका. तुमी उतरलात की पुढं यायचं न्हाई. हाक मारायची न्हाई. त्या माणसांतच थांबायचं. मी आपल्या बांधावर असंन, भोपळा ठेवला होता तिथं. आजी म्हणंल, डावा झाक, उजव्यानं बघ. मी झाकीन. आन् त्यातलं आबा कंचं ते बोटानं दाखवीन. चुकलं तर मारा.

चुकणार न्हाई. पर जरा येळ लागंल. ह्या डोळ्यानं मी तुमास्नी अजून कवाच बघितलं न्हाई.

शालू